नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत केवळ वचन बदलल्याने अर्थ किती पालटतो हे पाहायचे असेल तर 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' हे दोन वाक्प्रचार शेजारी ठेवून पाहावेत. पहिले काम बारसे करणाऱ्यांचे. दुसरे बहुधा बारशाला आलेल्या पाहुण्यांचे. ही दोन्ही कामे वेगवेगळ्या माणसांनी करायची असतात असा आपला समज असतो, आणि म्हणूनच पाहुण्यांपैकी कोणी 'हे नाव बदला' असे म्हणाले तर घरच्यांना राग येतो. मूल आमचे, नाव आमचे, तुम्ही पेढे खा आणि चालू लागा.

संगणकाच्या आज्ञावल्यांचे घर मात्र थोडे निराळे असते. विशेषतः ज्यांना मुक्तस्रोत म्हणतात, म्हणजे ज्यांची मूळ संहिता सर्वांना खुली असते, जी कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी, त्या आज्ञावल्यांच्या घरात पाहुणा कोण आणि यजमान कोण हे सांगणे कठीण. आज वापरणारा उद्या चूक कळवतो, परवा ती दुरुस्त करून पाठवतो, आणि एखाद्या वर्षात घरचाच होऊन जातो. अशा घरातल्या एखाद्या नावाने कोणाला टोचत असेल तर ते बदलावे काय, आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका किरकोळ नाही. आम्ही ज्या उदाहरणाच्या निमित्ताने हे लिहीत आहोत त्या आज्ञावलीचे नाव आहे 'गिम्प'.

१९९५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी छायाचित्रांवर काम करणारी एक आज्ञावली लिहायला घेतली. १९९६ च्या आरंभी ती लोकांपुढे आली. फोटोशॉपने जे साधते त्यातले पुष्कळसे हिने साधावे, आणि तेही विनामूल्य व खुलेपणाने, अशी कल्पना. लिनक्सचा तो लठ्ठ, समाधानी पेंग्विन लॅरी एविंग यांनी १९९६ मध्ये काढला तो हिच्याच साहाय्याने. हिच्यातल्या खिडक्या आणि बटणे रंगवण्यासाठी जो साधनसंच लिहिला गेला तो 'जीटीके' या नावाने स्वतंत्र वाढला आणि पुढे ग्नोमसारखी अख्खी पटलप्रणाली त्यावर उभी राहिली. एवढा मोठा वंशविस्तार असलेल्या आज्ञावल्या फार नाहीत.

नावाची कुळकथा मात्र इतकी भारदस्त नाही. 'इमेज मॅनिप्युलेशन प्रोग्रॅम' या शब्दांची आद्याक्षरे घेतली की 'इम्प' होते. त्या सुमारास 'पल्प फिक्शन' हा १९९४ चा चित्रपट गाजत होता. त्यात अंगभर काळे कातडे चढवलेले, पेटाऱ्यात कोंडून ठेवलेले एक मुके पात्र आहे. त्याला 'द गिम्प' म्हणतात. मॅटिस यांना तो शब्द आठवला आणि 'इम्प'च्या आधी एक 'जी' येऊन बसला. त्या 'जी'चा अर्थ प्रथम 'जनरल' असा होता. १९९७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाशी नाते जुळल्यावर तो 'ग्नू' असा झाला. इंग्रजी कोशात 'गिम्प' म्हणजे कापडाच्या काठाला लावायची पीळदार फीत असाही एक निरुपद्रवी अर्थ सापडतो. पण बोलण्यात तो शब्द येतो तो लंगडत चालणाऱ्या माणसाला हिणवण्यासाठी, किंवा त्या चित्रपटातल्यासारख्या वेषातल्या माणसासाठी.

आमचा या आज्ञावलीशी संबंध बराच जुना आहे. पिवळ्या पडलेल्या दिवाळी अंकांची पाने छायांकित करून त्यांवरचे डाग काढायचे, कसरीने खाल्लेली अक्षरे नीट दिसतील इतका उजेड-अंधार जुळवायचा, या कामाला आम्ही तिला वर्षानुवर्षे राबवले आहे. हे काम शाळाशाळांतून व्हावे म्हणून तालुक्याच्या गावी शिक्षकांना दोन दिवस ते शिकवण्याचा उद्योगही आम्ही काही वेळा केला. अशाच एका वर्गात इंग्रजी शिकवणारे एक गुरुजी होते. लहानपणी पोलिओ झालेला; पायाला कॅलिपर, हातात कुबडी. शिकवलेले सर्वांत आधी त्यांना जमले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते आमच्याजवळ आले आणि अगदी सहज म्हणाले, "तुमचं साधन झकास आहे, मी वापरणार. पण काल रात्री सवयीनं शब्दकोश उघडला. आमची मुलं प्रत्येक नव्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारतात हो. मी फळ्यावर हे लिहिलं, आणि एखाद्यानं विचारलं, 'गुरुजी, म्हणजे काय?' तर मी उभा राहून काय सांगू?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उत्तरही त्यांनी स्वतःच काढले होते: फळ्यावर लघुरूप लिहायचे नाही, चारही शब्द लांबलचक लिहायचे. गंमत अशी की या नावाबद्दल हरकत घेणाऱ्यांना आज्ञावलीच्या कर्त्यांनीही जे पर्याय सुचवले आहेत त्यांतला एक नेमका हाच आहे: लघुरूप नको असेल तर पूर्ण रूप वापरावे. पर्याय वाईट नाही. पण आम्हाला त्या चहाच्या कपाशी जे उमगले ते हे, की नावाचा भार वाहण्याचे काम त्या खोलीतल्या तीसेक माणसांपैकी एकट्या त्यांच्या वाट्याला आले होते. आम्हा इतरांना तो शब्द म्हणजे दोन अक्षरांचा एक आवाज होता. त्यांना मात्र चार शब्द लिहावे लागणार होते.

नाव न बदलण्याच्या बाजूने जे सांगितले जाते ते उडवून लावण्यासारखे नाही. त्याचा क्रमाने विचार करायला हवा.

पहिला मुद्दा हेतूचा. हे केवळ आद्याक्षरांचे लघुरूप आहे, कोणाला दुखवण्याचा हेतू नव्हता. हेतू नव्हता हे आम्ही मान्य करतो. विशीतल्या दोन विद्यार्थ्यांच्या चेष्टेत द्वेष शोधणे हा मूर्खपणा होईल. पण 'केवळ लघुरूप' हे काही खरे नाही. लघुरूप आधी पूर्ण रूप असल्यावर होते. येथे शब्द आधी सुचला आणि पहिले अक्षर मागून त्याला बसवले गेले. पुढे 'जनरल'चे 'ग्नू' झाले तेव्हा पूर्ण रूप बदलले आणि लघुरूप मात्र जागचे हलले नाही. खरे नाव कोणते होते हे यावरून दिसते.

दुसरा मुद्दा कीर्तीचा. इतकी वर्षे हे नाव रुळले आहे, पुस्तके त्या नावाने निघाली, शोधणारे त्याच नावाने शोधतात. आता बदलले तर सगळीच ओळख पुसली जाईल. ही भीती आम्हाला खरी वाटते. पण आंतरजालाचा गेल्या वीस-बावीस वर्षांचा इतिहास तिला दुजोरा देत नाही. २००२ मध्ये 'फीनिक्स' नावाने एक न्याहाळक आला. त्या नावावर एका कंपनीचा हक्क निघाला, म्हणून एप्रिल २००३ मध्ये तो 'फायरबर्ड' झाला. त्या नावाचा एक विदागार-प्रकल्प आधीच होता, त्याच्या लोकांनी आक्षेप घेतला, म्हणून फेब्रुवारी २००४ मध्ये तो 'फायरफॉक्स' झाला. दोन वर्षांच्या आत तीन नावे, आणि लोक ओळखतात ते तिसरे. जाळ्यावरची वाहतूक तपासणारी 'इथिरिअल' ही आज्ञावली तिच्या कर्त्याने नोकरी बदलली आणि नावाचा हक्क मागे राहिला म्हणून २००६ मध्ये 'वायरशार्क' झाली. 'गेम' या गप्पांच्या आज्ञावलीला एका मोठ्या कंपनीच्या नाममुद्रेमुळे २००७ मध्ये 'पिजिन' व्हावे लागले. ओपनऑफिसमधून बाहेर पडलेल्यांनी २०१० मध्ये नाममुद्रा मागे सोडून 'लिब्रेऑफिस' हे नाव घेतले, आणि आज मराठीत लिहिणारे कितीतरी जण त्याच नावाच्या साधनात लिहितात.

या यादीकडे पाहिले की एक अस्वस्थ करणारी गोष्ट ध्यानात येते. यांपैकी प्रत्येक नाव बदलले ते हक्काचा प्रश्न आला तेव्हा. म्हणजे नाममुद्रा, मालकी किंवा आधीचा दावेदार पुढे उभा राहिला तेव्हा. दावेदार दारात उभा असला की सारी पुस्तके, सारी ओळख, सारी सवय बाजूला ठेवून काही आठवड्यांत वा महिन्यांत नवे नाव सापडते. कुबडी घेतलेला माणूस दारात उभा असला की मात्र नाव बदलणे अशक्यप्राय होऊन बसते. तेव्हा प्रश्न 'जमेल काय' हा नसून 'कोणासाठी' हा आहे.

तिसरा मुद्दा भाषेचा, आणि तो आम्हाला सर्वांत जवळचा. शब्द असे धुऊन पुसून निर्जंतुक करत गेलो तर भाषेचे अधिक नुकसान होईल, असे या नावाचे समर्थक म्हणतात. मराठी माणसाला हे चटकन पटावे. आपल्याकडे 'बाई' हा शाळेतल्या गुरूला आणि घरातल्या वडीलधारीला उद्देशून वापरायचा आदराचा शब्द. हिंदी मुलखात तो ऐकताच डोळ्यांपुढे निराळेच काही येते. आपल्या 'कट्ट्या'वर गप्पा होतात, तिकडच्या कट्ट्यातून गोळी सुटते. त्यांच्या 'शिक्षा'साठी पालक पैसे मोजतात, आपल्याकडे शिक्षा चुकवण्यासाठी मोजतात. बनारसचा 'लंगडा' आपण चोखून खातो आणि 'लंगडी' खेळल्यावाचून शाळा सुटत नाही. शेजारच्या भाषेत वाईट वाटेल असा प्रत्येक शब्द टाकायचे ठरवले तर तोंड उघडायला शब्द उरणार नाही.

म्हणूनच येथे दुसऱ्या एका नावाची हकीगत सांगितली पाहिजे. गणितातल्या सिद्धता यंत्राकडून काटेकोर तपासून घेणारी एक फ्रेंच आज्ञावली आहे. १९८४ पासून तिएरी कोकाँ आणि जेरार युए यांच्या कामातून ती वाढली. नकाशा रंगवायला चार रंग पुरतात या प्रसिद्ध प्रमेयाची पूर्ण सिद्धता जॉर्ज गोंतिए यांनी २००५ च्या सुमारास तिच्यातच तपासून दाखवली. तिचे नाव 'कॉक'. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ कोंबडा. आज्ञावल्यांना प्राण्यांची नावे देण्याची तिकडे रीत. शिवाय त्यात कोकाँ यांच्या नावाची आणि मूळ गणिती पद्धतीच्या आद्याक्षरांची सावली. नाव निर्मळ, चतुर, घरंदाज. पण इंग्रजीत त्या उच्चाराचा दुसरा अर्थ पुरुषाच्या अवयवाचा. परिषदेत उभे राहून 'मी कॉकवर काम करते' असे सांगताना स्त्री-संशोधकांना जी हसू आणि जे शेरे सोसावे लागत, त्यांचा पाढा अखेरीस त्यांनीच वाचला.

येथे 'आमच्या भाषेत हा कोंबडाच आहे' असे म्हणून मोकळे होण्याचा अधिकार फ्रेंच कर्त्यांना निःसंशय होता. त्यांनी तो वापरला नाही. चर्चा केली, वापरणाऱ्यांची मते मागवली, वेळ घेतला. २०२३ मध्ये निर्णय जाहीर केला आणि मार्च २०२५ मध्ये ९.० ही आवृत्ती 'रॉक' या नावाने काढली. हे काम जेथे सुरू झाले त्या पॅरिसजवळच्या रोकाँकूरची आठवण त्या नावात राहिली. अरबी कथांतल्या रॉक या महाकाय पक्ष्यामुळे पक्षीही राहिला. जुन्या नावाने दिलेल्या आज्ञा काही काळ चालाव्यात अशी सोय केली. कोणाचे आकाश कोसळले नाही.

या दोन नावांत फरक आहे तो ध्यानात घ्यावा. 'कॉक' हा दोन भाषांच्या सीमेवरचा अपघात होता. 'गिम्प' हा अपघात नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांनी इंग्रजीतच, अर्थ ठाऊक असताना उचललेला तो शब्द आहे. अपघाताने लागलेल्यासाठी ज्यांनी वाट बदलली त्यांच्यापुढे दुसऱ्यांचे समर्थन फिके पडते. आणि बनारसच्या आंब्याचे काय? त्या आंब्याचे नाव सांगताना कोणाला आपल्या पायांकडे पाहावे लागते असे कधी दिसले, तर त्याचाही विचार करू. आमची कसोटी शब्दाच्या सोवळेपणाची नाही. तो शब्द रोज तोंडी घ्यावा लागणाऱ्या माणसांपैकी कोणाला त्याची किंमत मोजावी लागते काय, एवढीच ती आहे.

चौथा मुद्दा स्वातंत्र्याचा, आणि मुक्तस्रोताच्या जगात तो ब्रह्मवाक्यासारखा उच्चारला जातो: नाव आवडत नसेल तर संहिता घ्या आणि आपल्या नावाने वेगळी चूल मांडा. काही जणांनी हे खरोखर करून पाहिले. २०१९ मध्ये त्यांनी 'ग्लिम्प्स' नावाने वेगळी शाखा काढली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिची पहिली आवृत्ती आली, २०२० मध्ये दुसरी, आणि २०२१ मध्ये काम करणारे हात पुरेसे नाहीत म्हणून प्रकल्प थांबला. यावर काहींनी 'पाहा, नावाची कोणाला पर्वाच नव्हती' असा निष्कर्ष काढला. आम्हाला तो घाईचा वाटतो. नाव बदलायला एक दिवस पुरतो. पण वेगळी चूल मांडली की मूळ घरात रोज होणारी प्रत्येक दुरुस्ती आपल्याकडे वाहून आणावी लागते, प्रत्येक प्रणालीसाठी बांधणी करावी लागते, मदत मागणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. एका शब्दासाठी अख्खा संसार दुसऱ्यांदा उभा करा असे सांगणे म्हणजे हक्क देणे खरे, पण तो पेलायला लागणारे बळ न देता. तरीही ग्लिम्प्सच्या अंतातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नाव टिकते ते वस्तू घडवणाऱ्या हातांनी घेतले तरच. 'रॉक' टिकेल असे आम्हाला वाटते, कारण ते बाहेरून लादलेले नाही, कर्त्यांनीच घेतले आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. नाव बदलण्याचा उत्साह असतो आणि विचारण्याची सवय नसते तेव्हा काय होते हे आपण आपल्याकडे पाहिले आहे. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणावे असे सुचवले, आणि पाहता पाहता कार्यालयांच्या पाट्या बदलल्या. अपंगांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनांनीच त्याला हरकत घेतली होती: आम्हाला दिव्यत्व नको, इमारतीला उतार द्या, बसमध्ये चढता येऊ द्या. ज्यांचे नाव त्यांना न विचारता ते चांगले केले तरी ते परकेच राहते. म्हणून गिम्पचे नाव बदलले तर त्या माणसाचे जीवन सुधारेल असा भ्रम आम्हाला नाही. एक काटा निघेल, इतकेच. पण तो आपणच ठेवलेला काटा आहे.

आणि मराठीत 'नामांतर' हा शब्द लिहिला की लेखणी थोडी थबकतेच. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर जे गुदरले ते सर्वज्ञात आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी, सोळा वर्षांनी, 'नामविस्तार' झाला. जुने नाव ठेवून त्याच्या आधी नवे जोडले गेले. माणसांची घरे जळाली त्या प्रश्नाला एका आज्ञावलीच्या नावाशेजारी तोलण्याचा अविचार आम्ही करणार नाही. मात्र तेथून मराठी माणूस एक धडा घेऊन आला आहे: 'नावात एवढे काय असते' असे जे म्हणतात, तेच ते नाव सोडायला सर्वांत कमी तयार असतात. नाव क्षुल्लक असेल तर बदलायला अडचण नसावी. बदलायला इतकी अडचण होत असेल तर ते क्षुल्लक नाही हे तरी कबूल करावे.

तेव्हा आमचे मत विचाराल तर, नाव बदलावे. ते कर्त्यांनीच बदलावे, सवडीने बदलावे, जुने नाव काही वर्षे मागच्या दाराशी राहू द्यावे. ज्यांना बदल हवा आहे त्यांनी केवळ मागणी करून थांबू नये. मार्गदर्शिका सुधारायला, भाषांतरे नव्याने तपासायला, जुन्या दुव्यांना नवे पत्ते जोडायला बसावे. मराठीपुरते ते काम करायला आम्ही तयार आहोत. आणि स्मृतीची चिंता करू नये. ही आज्ञावली आपली चित्रे ज्या स्वरूपात साठवते त्याचे नाव आहे 'एक्ससीएफ'. बर्कलीतल्या ज्या संगणक-मंडळात ती जन्मली त्याची ती आद्याक्षरे. 'जीटीके'तला 'जी' हा मुळात याच आज्ञावलीच्या नावाचा. हे कोणाला ठाऊक असो वा नसो, तिचा इतिहास तेथे सुखरूप आहे. त्यासाठी तो दारावरच्या पाटीवर असायलाच हवा असे नाही.

२०१८ च्या २.१० या आवृत्तीनंतर जवळजवळ सात वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, ३.० ही आवृत्ती आली. बारसे पुन्हा करायला याहून सोयीचा मुहूर्त नव्हता. तो गेला. आज्ञावली आधीपेक्षा पुष्कळ चांगली झाली आहे, आम्ही ती रोज वापरतो, आणि शिक्षकांसाठी छापलेल्या टिपणाच्या माथ्यावर आता आम्हीही चारही शब्द लिहितो. ओळीत मावत नाहीत. दुसऱ्या ओळीवर जातात.